बिनगाडीचा पाहुणा

कोकणात समुद्राच्या काठाने पायी जायचे असेल, तर आधी पंचांग पाहावे लागते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण हाती लागते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना पाठ असतो. आंजर्ल्याहून कर्द्याला निघायच्या दिवशी संकष्टी होती. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती दुपारी तीनला आणि ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. ओहोटीत उघडी पडलेली ओली वाळू पायाखाली घट्ट लागते, तर वरच्या कोरड्या वाळूत पाऊल घोट्यापर्यंत रुतते. तेव्हा सातलाच निघायचे, असे मी काकूंना आदल्या रात्री सांगून ठेवले होते. काकूंचा हिशेब मात्र घावनांचा होता.

बिडाच्या तव्यावर एका वेळी एकच घावन होते, आणि झाकणाखाली त्याला जाळी पडून कड सुटेपर्यंत कोणालाही घाई करता येत नाही. ताटातले संपल्यापासून पुढचे येईपर्यंत जो वेळ जातो, तो उठून हात धुवायला अपुरा आणि नुसती चटणी चाटत बसायला भरपूर असतो. मग चटणी संपली म्हणून चटणी येते आणि चटणी उरली म्हणून आणखी एक घावन येते. "चालायचंय ना एवढं? मग पोटाला आधार नको?" हे काकूंचे म्हणणे बिनतोड होते, फक्त एवढा आधार घेतल्यावर चालायचे कसे, याचा विचार त्यांनी केला नव्हता. मी पिशवी पाठीला लावली तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि समुद्र परत फिरला होता.

जांभ्या दगडाची पाखाडी चढून कड्यावरच्या गणपतीला पोहोचलो, तर संकष्टीमुळे तिथे जत्रा लोटलेली. बाकीची मंडळी गाडीरस्त्याने थेट देवळापर्यंत आली होती आणि घामाने भिजलेला भक्त मी एकटाच होतो. एका कुटुंबाने आपुलकीने चौकशी केली. नवस आहे का? नाही. डॉक्टरांनी सांगितले आहे का? नाही. महाराष्ट्रात सुशिक्षित माणसाने पायी चालण्याची मान्य कारणे इथे जवळजवळ संपतात. सोबतच्या आजोबांनी वारीचा तर्क करून पाहिला. पण पंढरपूर माझ्या डाव्या हाताला, सह्याद्रीच्याही पलीकडे राहिले होते. शेवटी गाडी बंद पडली असणार आणि संकोचामुळे मी सांगत नसणार, असे त्यांनी ठरवले आणि मागच्या सीटवर मला जागा करायला घेतली. ती नाकारताना मला जितके वाईट वाटले, तितके चढ चढतानाही वाटले नव्हते.

कड्यावरून सुवर्णदुर्ग दिसतो, आणि एकदा दिसला की तो पिच्छा सोडत नाही. खाडीच्या पुलावरून तो दिसला, पाजपंढरीहून दिसला, हर्णैला तर अगदी समोर आला, आणि पाळंद्याला मागे वळून पाहिले तरी तिथेच होता. १७५५ साली हा किल्ला कमोडोर विल्यम जेम्स याने घेतला, आणि त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने १७८४ मध्ये लंडनजवळच्या टेकडीवर या किल्ल्याच्याच नावाचा बुरूज बांधून त्याचे स्मारक केले. म्हणजे सुवर्णदुर्ग लंडनपर्यंत जाऊन पोहोचला, आणि मला त्याला अर्ध्या दिवसात मागे टाकता येईना.

सालदुऱ्यापुढे भरती ऐन भरात आली आणि मी कोरड्या वाळूत रुतत मुरूडला पोहोचलो. हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. सरकारी परीक्षेसाठी ते येथून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वय कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. चालून आलेल्याला दारातूनच माघारी धाडण्याची ही रीत कर्द्यात माझ्याही वाट्याला येणार होती, फक्त कारण वेगळे होते.

"एकटेच? एकट्याला आम्ही खोली देत नाही," निवासाचे मालक म्हणाले. "गाडी कुठे लावलीत?" मी गाडी नसल्याचे सांगितल्यावर त्यांचा चेहरा आणखी गंभीर झाला, कारण गाडीवाला एकटा माणूस निदान गाडी टाकून पळून जात नाही. शिवाय जेवण सकाळीच फोन करून सांगायला हवे होते, खोल्या पुण्याच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवल्या होत्या, आणि आंजर्ल्याहून कर्द्याला चालत कशाला यायचे, हा मूळ प्रश्न होताच. पडवीत सुपारी कातरत बसलेल्या त्यांच्या आईने हे सगळे ऐकून घेतले आणि माझ्या पायांकडे पाहिले. "अरे, त्याच्या बोटांना फोड आलेत ते बघ. चोर एवढा चालतो का? दे खोली."

खोली मिळाली. आमटीभाताचीही सोय झाली. मग मालकांनी वही पुढे सरकवली: नाव, पत्ता, कोठून आलात, एकूण माणसे, गाडी क्रमांक. शेवटच्या रकान्यात मी 'पायी' असे लिहिले. ते त्यांनी चष्मा लावून वाचले, हा रकाना असा चालत नाही म्हणाले, 'पायी' खोडले, आणि अंगणात डोकावून स्वतःच्या स्कूटरचा नंबर माझ्या नावापुढे नीट उतरवला. पार्किंगचे वेगळे पैसे पडणार नाहीत, असेही त्यांनी मला आवर्जून सांगितले.