खुलासा: हळदीवरचा आयोडीनचा थेंब आणि भेसळ

'हळदीवर आयोडीनचा थेंब टाका, निळी-काळी झाली तर स्टार्चची भेसळ आहे' असा मेसेज सांगलीतल्या ग्रुपवर फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला. तो चुकीचा आहे.

घरच्या शेतातलं, आम्हीच शिजवून वाळवलेलं हळकुंड काल खलबत्त्यात कुटून त्यावर थेंब टाकला. काळपट निळं झालं! होणारच होतं. हळद हा कंद आहे, बटाट्यासारखाच स्टार्च साठवणारा. त्या स्टार्चमधल्या अमायलोजची साखळी स्प्रिंगसारखी वळलेली असते. आयोडीन तिच्या पोकळीत शिरलं की निळा रंग येतो. स्टार्च हळदीचा की मक्याचा, हे आयोडीनला कळत नाही. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही हळद पावडरीत 60 टक्क्यांपर्यंत स्टार्च चालतो, तो याचमुळे.

मग भेसळ ओळखायची कशी? सूक्ष्मदर्शकाखाली. कंद शिजवल्यावर हळदीच्या स्टार्चचे कण फुगून एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे दिसतात. कच्चं मक्याचं पीठ मिसळलं असेल तर त्याचे सुटे, कोनदार कण वेगळे उठून दिसतात. हे काम प्रयोगशाळेचं. शंका असेल तर नमुना तिथे द्या. लेड क्रोमेटसारख्या विषारी रंगाची तपासणीही तिथेच होते, आणि खरी काळजी त्याची करायला हवी.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या मेसेजमुळे चांगला माल पिकवणाऱ्यावरही संशय येतोय. ज्यांना मी तो पाठवला, त्यांनी कृपया डिलीट करावा आणि पुढे पाठवला असेल तिथे हा खुलासा टाकावा.