शाळा कोणती ते नंतर, आधी किती वर्षं ते सांगा

महिन्यातून एकदा तरी मेसेज येतो : ‘ताई, आम्ही म्युनिकला येतोय. इंटरनॅशनल शाळा की जर्मन?’ मी उलट विचारते, किती वर्षांसाठी? उत्तर ठरलेलं. ‘दोन वर्षं. मग बघू.’

या ‘मग बघू’नेच आमचा घात केला. लेक दुसरीत होती. वर्षाची फी 20 हजार युरोंच्या घरात, पण कंपनी भरणार होती. फुकट आहे तर इंटरनॅशनलच, म्हटलं. दोन वर्षांनी काँट्रॅक्ट वाढलं आणि फी बंद झाली. लेक थेट चौथीत सरकारी ग्रुंडशूलेत (जर्मन प्राथमिक शाळेत), जर्मन जेमतेम बेकरीत पाव मागण्यापुरतं.

आणि बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथी हे सगळ्यात नाजूक वर्ष. जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिघांची सरासरी मे महिन्यात हातात येते. त्यावरून पाचवीपासूनची शाळा ठरते : 2.33 पर्यंत गिम्नाझिउम (थेट विद्यापीठाच्या वाटेची), 2.66 पर्यंत रेआलशूले (मधली), नाहीतर मिटेलशूले (कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी). इथे 1 सर्वात चांगला, 6 सर्वात वाईट. (गणितात 1 मिळाला असं फोनवर सांगितलं तर आई बिचारी गप्पच झाली.) लेकीला जर्मनमध्ये 4, परिसर अभ्यासात 3. सरासरी 2.66. बरोबर उंबरठ्यावर! उशिरा आलेल्या मुलांना भाषेमुळे सवलत मिळू शकते. बाईंशी बोलून आम्ही ती घेतली नाही. रेआलशूलेतूनही पुढे विद्यापीठाची वाट आहे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर चार रात्री झोप लागली असती.

बर्लिनमध्ये ग्रुंडशूले सहावीपर्यंत असते. देश एकच, पण दहा वर्षांच्या पोराला दोन वर्षं जास्त मिळतात. ऑफर घेताना शहराचा हा हिशोब कोण करतं?

माझं मत विचाराल तर, खरंच दोन वर्षांत परतणार असाल तर खुशाल इंटरनॅशनल. जरा जरी शंका असेल तर पहिल्या दिवसापासून जर्मन शाळा. सहा महिने पोर रडेल, तुम्हीही रडाल.

परवा एक जोडपं भेटलं, मुलगा पहिलीत, घर अजून ठरायचंय. सरकारी ग्रुंडशूले पत्त्यावरून ठरते, म्हणून त्यांना म्हटलं, किचन नंतर बघा. आधी शाळा सुटायच्या वेळी गेटपाशी उभे राहा. आणि दुपारच्या पाळणाघरात जागा आहे का ते विचारा, कारण शाळा जेवायच्या सुमारास सुटते आणि तुमची मीटिंग तेव्हा रंगात आलेली असते.