मारियानं कोख यांचा उलटा प्रवास

डॉक्टरकी सोडून रंगमंचावर गेलेल्या जर्मन नटावरचा तुमचा लेख वाचला आणि मला जर्मन अभिनेत्री मारियानं कोख आठवल्या. त्यांची वाट बरोबर उलटी. १९३१ साली म्युनिकमध्ये जन्म. वैद्यकीय शिक्षण सुरू झालं होतं, पण मध्येच सिनेमा आला आणि अभ्यास मागे पडला. पुढची वीसेक वर्षं पडद्यावर गेली. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) पाहिला असेल तर क्लिंट ईस्टवुड ज्या मारिसोलची सुटका करतो ती आठवा. त्या याच.

मला खरं थक्क करतं ते यानंतरचं. १९७१ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, घरोघरी ओळखला जाणारा चेहरा घेऊन त्या पुन्हा वैद्यकीयच्या वर्गात जाऊन बसल्या. शिक्षण पुरं केलं आणि १९९७ पर्यंत म्युनिकमध्ये फिजिशियन म्हणून रुग्ण तपासले. पुढे बवेरियन रेडिओवर वर्षानुवर्षं श्रोत्यांच्या आरोग्यविषयक शंकांना उत्तरं दिली.

लेखात अभिनयाला 'खरी हाक' आणि डॉक्टरकीला जणू बेडी म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. कोखबाईंना तर दवाखान्यानेच परत बोलावलं. त्यांच्यावरही सविस्तर लिहा, ही मनापासून विनंती.