"चार ओळींचे 800 रुपये" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मालक,

लेबलांपायी तुमचा टॉवेलचा माल अडकला, त्याबद्दल क्षमस्व. आम्हाला यायला उशीर झाला म्हणता, तर ते गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस होते. होम मैदानाकडची गर्दी ओलांडून नवी पेठेतून अक्कलकोट रोड एमआयडीसी गाठायची म्हणजे काय, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

पण "चार ओळी टाइप करायचे 800 रुपये घेतले, आणि प्रिंटरने लेबलवर कचरा छापला" हे एक स्टार देऊन चारचौघांत लिहिलंत, ते लागलं.

लेबल प्रिंटरला द्यायच्या कमांडच्या ओळी चारच आहेत, कबूल. लेबलची साइज, दोन लेबलांमधला गॅप, बारकोड आणि प्रिंट. टाइप करायला दोन मिनिटं पुरतात. पण तुमचं लेबल 38 मिलिमीटर रुंद. प्रिंटर 203 डीपीआयचा, म्हणजे मिलिमीटरला 8 ठिपके. तुमचा आयटम कोड 12 अक्षरी, त्यात मध्ये मध्ये इंग्रजी अक्षरं आणि डॅश. कोड 128 या बारकोडच्या प्रकारात तो सगळ्यात बारीक रेष दोन ठिपक्यांची धरून काढला तर बारकोडच जवळपास 42 मिलिमीटर होतो, वर दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडावी लागते ती वेगळी. बसणार कसा? ती रेष एका ठिपक्याची केली तर बसतो, पण मग साध्या स्कॅनरला तो वाचायला जड जातो. म्हणून तुमच्याच टेबलावर बसून कोड नुसत्या आकड्यांचा करून दिला. आकडे दोन-दोनच्या जोडीने जातात, त्यामुळे 12 आकडे कोऱ्या जागेसकट साधारण 30 मिलिमीटरमध्ये बसले. तुमच्याच स्कॅनरने टूं केलं, तेव्हा तुम्ही चहा मागवलात. पैसे या कामाचे होते, टायपिंगचे नव्हेत.

आता "कचरा". फोटो नीट बघा, लेबलवर आलेल्या त्या आमच्याच चार ओळी आहेत. कमांडची फाइल कुणीतरी नोटपॅडमध्ये उघडून कंट्रोल-पी दाबलं. तसं केलं की ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, तिला साधा मजकूर समजतो आणि अक्षरंच छापतो. कमांड प्रिंटरला थेट, कच्च्या स्वरूपात जावी लागते. त्यासाठीच डेस्कटॉपवर "लेबल" नावाची वेगळी फाइल ठेवली होती, डबल क्लिक केलं की झालं. निघताना काउंटरवरच्या मुलाला दाखवलंही होतं. त्याला रागावू नका, नवीन आहे. पण रोल वाया गेला तो आमच्या खात्यावर कसा, एवढं सांगा.

यापुढे वापरायची पद्धत कागदावर लिहून द्यायचं बघतो, आणखीही काही सुधारणा डोक्यात आहेत. फोन करा, परत येऊन दाखवतो, व्हिजिटचे पैसे लावणार नाही.

आणि मालक, त्या 800 मधले 300 अजून यायचे आहेत. इथे काढणार नव्हतो, पण "घेतले" असं लिहिलंत म्हणून.