‘प्रकाशक कशाला, स्वतःच छापा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या साहित्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. प्रकाशक लुटतात, पुस्तक स्वतः काढा, सगळा नफा तुमचा, आयएसबीएन मिळाला की पुस्तक सरकारमान्य, ॲमेझॉनवर टाकलं की जगभर विक्री, आणि बहिणाबाईंना तरी कुठे प्रकाशक होता. खाली पुस्तक छापून देण्याच्या पॅकेजचे रेट. आपल्याकडचे रिटायर्ड गुरुजी, कविता करणाऱ्या ताई हे वाचून साठवलेले पैसे काढतात, म्हणून लिहितोय.

आधी नफा. समजा 200 रुपये किंमत, 500 प्रती, प्रत 80 ला पडली. दुकानदार 35-40 टक्के कमिशन घेणार, म्हणजे हातात आले 120-130, तेही विकल्यावर. छपाईत घातलेले 40,000 नुसते परत यायला सव्वातीनशेच्या आसपास प्रती विकाव्या लागतात, आणि आपल्या गावात ओळखीचा माणूस विकत घेत नाही, ‘सही करून दे ना भाऊ’ म्हणतो.

टायपिंग, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन हे त्या हिशोबात धरलेलंच नाही, आणि खरी माती तिथंच होते. जुनी फाइल श्रीलिपीत (जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये) असली आणि ती आताच्या युनिकोडमध्ये फिरवली की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं. चांगल्या प्रकाशकाकडे हे डोळ्यात तेल घालून बघणारं माणूस असतं, पॅकेजमध्ये मात्र प्रूफ लेखकानेच तपासावे अशी एक ओळ असते, आणि आपलंच लिखाण आपल्याला चुकलेलं दिसत नाही कारण काय लिहायचं होतं ते पाठ असतं. पानांचंही तसंच. पुस्तक बहुतेक 16 पानांच्या फॉर्मात, म्हणजे एका मोठ्या कागदावर 16 पानं एकदम, असं छापतात, 130 पानं झाली तर जाणकार माणूस दोन पानं आटवून 128 वर आणतो, नाहीतर उरलेल्या दोन पानांसाठी पुढचा फॉर्म चढतो नि कोरी पानं जातात.

आयएसबीएन म्हणजे सरकारी मान्यता नाही. तो पुस्तकाचा 13 आकडी ओळख नंबर, दर्जाशी काही संबंध नाही, आणि भारतात राजा राममोहन रॉय एजन्सीकडून तो फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज करायचा. त्याचे हजारो रुपये कोणी मागत असेल तर सरळ नाही म्हणा. कॉपीराइटची भीती पण उगाच घालतात. 1957 च्या कायद्याने लिहिलं तेव्हाच हक्क तुमचा होतो, हयातभर आणि पुढे 60 वर्षं, नोंदणी सक्तीची नाही.

ॲमेझॉनचं म्हणाल तर किंडलवर मराठी ई-बुक टाकता येतं, हे खरंच चांगलं आहे. पण रॉयल्टी 35 किंवा 70 टक्के, 70 ला अटी आहेत. आणि तिथं असणं वेगळं, कोणी शोधत येणं वेगळं.

बहिणाबाईंचं उदाहरण तर वाचवतच नाही. त्या निरक्षर होत्या, गाणी त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावानं उतरवून घेतली म्हणून राहिली, त्या 1951 मध्ये गेल्या आणि पुस्तक 1952 मध्ये आलं, तेही आचार्य अत्र्यांनी ओळखलं, प्रस्तावना लिहिली, लोकांपुढे आणलं म्हणून. दुसऱ्याची नजर पडल्यानं काय होतं याचं यापेक्षा मोठं उदाहरण खान्देशात नाही, आणि तेच उलटं करून सांगतात!

मेसेजमध्ये खरं काहीच नाही असं नाही. काही प्रकाशक वर्षानुवर्षं उत्तर देत नाहीत, काही लेखकालाच प्रती घ्यायला लावतात. आणि अहिराणी, तावडी या आपल्या बोलींतलं लिखाण, गावाचा इतिहास, भाऊबंदकीची वंशावळ, याला पुण्या-मुंबईचा प्रकाशक सहसा हात लावत नाही, तिथं स्वतः छापणंच बरोबर, मी तर म्हणेन छापाच. फक्त 2024 ला अमळनेरला साहित्य संमेलन झालं तसा मेळा दरवर्षी दारात येत नाही, एरवी पिशवी घेऊन शाळा, वाचनालयं, लग्नं फिरायची तयारी हवी. शिवाय स्वतः छापलं की प्रकाशक तुम्हीच, 1954 च्या कायद्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना 30 दिवसांत प्रत पाठवायची जबाबदारीही तुमची.

आणि पॅकेज घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी एवढं लेखी घ्या, आयएसबीएन कोणाच्या नावावर, हक्क कोणाकडे, प्रती नक्की किती, आणि छपाईची ओपन फाइल, म्हणजे जिच्यात पुढे बदल करता येतात ती, मिळणार का. ती फाइल त्यांच्याकडे राहिली तर दुसरी आवृत्ती काढताना पुन्हा पहिल्यापासून टायपिंग.