‘खोटा धीर’ म्हणणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, ‘ताणाने आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याचा उपचार) फसत नाही असं सांगून तुम्ही बायकांना खोटा धीर देताय, माझ्या वहिनीने नोकरी सोडली आणि पुढच्याच सायकलला (उपचाराच्या फेरीला) दिवस राहिले,’ असं तुम्ही लिहिलंत. मतभेद असू द्या, पण ‘खोटा’ हा शब्द लागला. तेरा वर्षं याच बायकांचं समुपदेशन करतेय. इतकं बेधडक लिहिण्याआधी माझा लेख पूर्ण वाचायला हवा होता.

एक मान्य. ताणाचा आणि आयव्हीएफ फसण्याचा ‘काडीचाही संबंध नाही’ हे मी त्या लेखात जास्तच ठासून लिहिलं. 2011च्या, अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात थोडासा संबंध दिसला होता. ते वाक्य बदललंय.

आता वहिनींची नोकरी. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 14 अभ्यासांचं, 3583 स्त्रियांचं विश्लेषण आलं. उपचाराआधीची चिंता किंवा नैराश्य आणि त्या सायकलमध्ये गर्भ राहणं यांचा संबंध त्यात आढळला नाही. तीव्र ताणाने मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश मंदावतात, पाळी पुढे जाते, हे खरंच. पण आयव्हीएफमध्ये ते काम इंजेक्शनं करतात. आठ-दहा दिवस रोज सुई, मधूनमधून सोनोग्राफी, फॉलिकल (अंडाशयातल्या अंड्याच्या पिशव्या) 18 मिमीच्या आसपास आले की ट्रिगर, म्हणजे अंडी पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, आणि साधारण 36 तासांनी अंडी काढायची. रात्री दहाचा ट्रिगर रात्री एक वाजता घेतला आणि अंडी मात्र ठरल्या वेळीच काढली, तर ती कच्ची निघू शकतात. सायकल अशा ठिकाणी बिघडते. आणि सगळं वेळेवर होऊनही बरेचदा गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे तो रुजत नाही. वयाबरोबर हे प्रमाण वाढतं. राजीनाम्याने गुणसूत्रं बदलत नाहीत.

शिवाय पहिल्या वेळी अंडाशयाने कसा प्रतिसाद दिला ते बघून दुसऱ्या वेळी डॉक्टर बरेचदा डोस किंवा प्रोटोकॉल (औषधांचा आराखडा) बदलतात. वहिनींचा बदलला होता का? तुम्ही ते लिहिलंच नाहीत, श्रेय मात्र नोकरी सोडण्याला देऊन मोकळ्या झालात.

ताण खरा नडतो तो वेगळ्या जागी: दमून बायका उपचारच अर्ध्यावर सोडतात. त्यासाठी समुपदेशन हवंच. पण ‘टेन्शन घेतलंस म्हणून राहिलं नाही’ हे वाक्य निगेटिव्ह बीटा एचसीजीचा (गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट हातात असलेल्या बाईला ऐकवणं, याला मी क्रूरपणाच म्हणेन.

वहिनींच्या दोन्ही सायकलींची फाईल उघडा, डोस, ट्रिगरची वेळ आणि गर्भाची ग्रेड (दर्जा) शेजारी शेजारी ठेवा, मग लिहा.