दाढेचा विग्रह

ठाण्यात आईला बरोबर घेऊन कुठेही जाऊ नये. 36 वर्षं तिने इथल्या एका शाळेत संस्कृत शिकवलं, त्यामुळे राम मारुती रोडवर दर पन्नास पावलांना एक 'बाई, ओळखलंत का?' भेटतो. पण दाढ अशी ठणकत होती, की वयाच्या चौतिसाव्या वर्षी गोखले रोडवरच्या दवाखान्याचा जिना मी आईचा हात धरून चढलो.

आत गेलो आणि डॉक्टरीणबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"बाई!"

"दहावी ब," आई म्हणाली. "समासात गोंधळ घालायचीस."

संपलं. त्या क्षणापासून खोलीत तोंडी परीक्षा सुरू झाली. तोंड तेवढं माझं होतं.

"आ करा." केला. चांगल्या माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात म्हणे. माझ्या दीड मावली. वडापाव सोडाच, नुसता पावसुद्धा दाबून, चपटा करून आत सरकवावा लागत होता.

"ट्रिस्मस आहे, जबडा आखडलाय," डॉक्टर म्हणाली.

"विग्रह?"

"नाही होत, बाई. ग्रीक शब्द आहे. करकरण्यावरून आलाय."

"म्हणजे रूढ शब्द. यौगिक नव्हे. पुढे?"

पुढे एक्स-रे. या फोटोचं पूर्ण नाव ऑर्थोपँटोमोग्राम. डॉक्टरने बोटांवर मोजत सोडवून दाखवलं: ऑर्थो म्हणजे सरळ, पॅन म्हणजे सगळं, टोमो म्हणजे काप, ग्राम म्हणजे लिहिलेलं. आईला मनापासून आनंद झाला. एवढा लांब समास दहावीच्या पेपरात आला असता, तर पालक शाळेवर मोर्चा घेऊन आले असते. फोटोत माझी खालची उजवी अक्कलदाढ दिसली. साधारण 17 ते 25 या वयात यायची ती, माझी अजून अर्धीच वर आलेली. लॅटिनमध्येही तिला शहाणपणाचाच दात म्हणतात, असं डॉक्टर म्हणाली. आई यावर काही बोलली नाही. विद्यार्थिनीसमोर नाही बोलली, एवढंच.

"पेरिकोरोनायटिस झालाय."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. त्या शब्दातलं मधलंच तेवढं मला ऐकू आलं होतं.

"नाही नाही, तो नाही. कोरोना म्हणजे मुकुट. दाताचा हिरडीबाहेरचा भाग. त्या विषाणूच्या अंगावरचे काटे मुकुटासारखे दिसतात, म्हणून त्यालाही तेच नाव. आयटिस म्हणजे दाह. आणि पेरि म्हणजे सभोवती."

"सभोवती?" आई खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "अगं, मग हा आपलाच परि की! परिसर, परिघ, परिक्रमा!"

"हो बाई! आणि ओडोंट म्हणजे दंतच!"

दोघींना हजारो मैलांवरची चुलत भावंडं सापडली होती. मधे मी, गालाला हात लावून. मोलर हा शब्द लॅटिनमधल्या जात्यावरून आलाय, हेही मला तेव्हाच कळलं. माझं जातं पाच दिवस मऊ भात दळत होतं.

खरं सांगायचं तर मलाही मजा यायला लागली होती. शाळेत जे आईच्या धाकाने जमलं नाही, ते इथे उमजत होतं. म्हणून डॉक्टरने "दाढ सरळ आहे, काढायला नको, सूज उतरली की ऑपर्क्युलेक्टमी करू" असं म्हटल्यावर मीच विचारलं, "ऑपर्क्यु म्हणजे?"

"ऑपर्क्युलम. छोटं झाकण. दाढेवर हिरडीची जी घडी आलीये ना, ती."

झाकण! किती घरगुती शब्द. मी निर्धास्त झालो. मग डोक्यात मघाचा टोमो करकरला. टोमो म्हणजे काप. एक् म्हणजे बाहेर असणार. आयुष्यात पहिल्यांदा मी आईच्या आधी विग्रह सोडवला, आणि घामाघूम झालो. अर्ध्या तासापूर्वी हाच शब्द ऐकला असता तर 'करून टाका' म्हणालो असतो.

पाच दिवस गोळ्या आणि मिठाच्या गुळण्या. सहाव्या दिवशी परत तीच खुर्ची. आई तयारी करून आली होती.

"अ‍ॅनेस्थेशिया. यातला अन् आपलाच ना गं?"

"आपलाच, बाई. अन् म्हणजे नाही, पुढे संवेदना." इंजेक्शन हवेत धरून डॉक्टर सांगू लागली. 1846 साली बोस्टनच्या मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथरची भूल देऊन दाखवली, आणि त्या अवस्थेला हे नाव ऑलिव्हर वेंडेल होम्स या कवी-डॉक्टरांनी सुचवलं. माझी नजर सुईच्या टोकावरून हलत नव्हती. इतिहास संपेपर्यंत माझी संवेदना शाबूत होती, एवढं नक्की.

झाकण निघालं. दुखलं नाही, हे कबूल करतो. उजवा ओठ आणि अर्धी जीभ मात्र कुणा दुसऱ्याची असल्यासारखी लोंबत होती. सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरचे काका भेटले. तोंडाला रुमाल, डोळे लाल, म्हणून त्यांनी काळजीने विचारलं, "काय रे, काय झालं?"

'प' म्हणायला दोन्ही ओठ लागतात, हे मला तेव्हा समजलं.

"एइ... कोरोना..."

काका दुसऱ्या मजल्यावरच उतरले. आईने बंद होणाऱ्या दारातून त्यांना विग्रह सांगायला घेतला. पण ती 'परि'पर्यंत पोचली, तेव्हा लिफ्ट वर निघाली होती.